कुत्र्यांची तिहेरी जंतनाशक गोळी : माणसाच्या यकृतातील गाठ टाळण्यासाठी ती किती उपयोगी आहे?

मेंढरे किंवा शेळ्या पाळणाऱ्या आणि राखणीला कुत्री ठेवणाऱ्या प्रत्येक घराने औषधाच्या दुकानातून जी वस्तू न चुकता आणली पाहिजे, ती म्हणजे प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल ही तीन औषधे एकत्र असलेली कुत्र्यांची जंतनाशक गोळी. वेगवेगळ्या कंपन्या ती वेगवेगळ्या नावांनी विकतात. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात एका गोळीत प्राझिक्वांटेल ५० मिलिग्रॅम, पायरँटेल एम्बोनेट १४४ मिलिग्रॅम आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅम असते व मात्रा दर १० किलो वजनाला एक गोळी अशी असते. हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या मिश्रणाचे आहे. माण तालुक्यातील आमच्या वस्तीवर मेंढरांचा कळप आहे, कळपाबरोबर कुत्री आहेत, आणि ही गोळी आमच्या घरात बरीच वर्षे वापरात आहे.

या गोळीविषयी लोक जे अभिप्राय लिहितात त्यांत "दुसऱ्या दिवशी जंत पडले", "कुत्र्याच्या अंगावर तेज आले", "भूक सुधारली" अशी वाक्ये असतात. ती खोटी नाहीत. पण मला या गोळीकडून जे काम हवे आहे ते यांपैकी एकाही वाक्यातून कळत नाही. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ निर्माण करणारा, डॉक्टर ज्याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात तो विकार देणारा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. तो काढण्यासाठी ही गोळी पुरेशी आहे का, ती किती दिवसांनी द्यावी लागते आणि दिल्यानंतर काय करावे लागते, हे मी येथे पाहणार आहे.

आमच्या घरात हा प्रश्न माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे आला. आप्पांचे आयुष्य मेंढरांमागे गेले. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा यकृतात मोठी गाठ दिसली. ही गाठ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा गतीने वाढते आणि शेजारच्या अवयवांवर दाब येईपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही, त्यामुळे संसर्ग नेमका कधी झाला हे सांगता येत नाही. तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. अशा गाठींपैकी सुमारे ७० टक्के यकृतात आणि साधारण २० टक्के फुप्फुसात आढळतात, उरलेल्या मेंदू, हाडे, मूत्रपिंड अशा कोणत्याही ठिकाणी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकिनोकोकस गटातील कृमींच्या या आजारांनी कोणत्याही वेळी जगात १० लाखांहून अधिक माणसे ग्रस्त असतात.

गोळी कोठे बसते हे समजण्यासाठी रोगाचा फेरा थोडक्यात पाहावा लागेल. एकिनोकोकस ग्रॅन्युलोसस नावाचा हा कृमी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा असतो, आणि एका कुत्र्याच्या लहान आतड्यात असे हजारो कृमी राहू शकतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून गवतावर, पाणवठ्याच्या कडेला, भाजीच्या वाफ्यात आणि कुत्र्याच्या स्वतःच्या केसांवर पसरतात. चरताना ती मेंढीच्या, शेळीच्या, गाईच्या किंवा म्हशीच्या पोटात गेली की त्या जनावराच्या काळजात (म्हणजे यकृतात) आणि फुप्फुसात पाण्याचे पांढरट फुगे वाढू लागतात. ते जनावर कापल्यावर किंवा मेल्यावर असे काळीज कुत्र्याने कच्चे खाल्ले, की फुग्यातील पाण्यात असलेल्या हजारो सूक्ष्म डोक्यांपासून त्याच्या आतड्यात नवे कृमी तयार होतात. माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो. कुत्र्याला कुरवाळलेला हात न धुता तोंडाला लागतो, नाहीतर न धुतलेली कोथिंबीर किंवा उघड्या डबक्याचे पाणी पोटात जाते, आणि मेंढीच्या शरीरात होते तेच त्याच्या शरीरात होते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. मटण खाल्ल्यानेही होत नाही, त्यामुळे मांसाहार न करणाऱ्या घरांनी आपण सुरक्षित आहोत असे मानण्याचे कारण नाही. डुकराच्या पट्टकृमीमुळे मेंदूत गाठी होऊन झटके येतात तो आजार वेगळा. त्याचा कुत्र्याशी आणि म्हणून या गोळीशीही संबंध नाही.

या फेऱ्यात कुत्रा स्वतः आजारी पडत नाही. आतड्यात हजारो कृमी असलेला कुत्राही नीट खातो, पळतो, राखण करतो. कृमी इतके बारीक असतात की विष्ठेत ते सहजी दिसत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची अंडी कुत्र्याच्या इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. याउलट गोल जंत दोऱ्यासारखे लांब असतात आणि पिसवांमुळे होणाऱ्या दुसऱ्या एका पट्टकृमीचे तुकडे शेपटीखाली हलताना दिसतात, म्हणून गोळी देणाऱ्याचे समाधान नेहमी या दुसऱ्या, माणसाला तुलनेने कमी घातक असलेल्या जंतांवरून होते. "जंत पडले" म्हणजे गोळी चांगली आणि "काही पडले नाही" म्हणजे गोळी वाया गेली किंवा कुत्रा स्वच्छ आहे, हे दोन्ही निष्कर्ष आपल्या कामाचे नाहीत. या गोळीचे खरे काम डोळ्यांनी तपासता येत नाही. मात्रा बरोबर होती का, तारीख पाळली का आणि विष्ठेची विल्हेवाट लावली का, एवढ्यावरूनच ते जोखता येते.

आता घटक पाहू. पायरँटेल आणि फेबँटेल ही दोन्ही औषधे मिळून गोल जंत, आकडेजंत आणि चाबूककृमी यांच्यावर काम करतात. एकिनोकोकसविरुद्ध या गोळीतील खरा घटक प्राझिक्वांटेल हा एकच आहे. हे औषध १९७० च्या दशकात जर्मनीतील बायर आणि ई. मर्क या कंपन्यांनी विकसित केले. दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम ही त्याची मात्रा जगभरातील नियंत्रण कार्यक्रमांत वापरली जाते आणि दहा किलोला एक गोळी या हिशेबाने आपल्या गोळीतून तेवढीच मिळते. मात्रा बरोबर असेल तर कुत्र्याच्या आतड्यातील या कृमींची, त्यातल्या कोवळ्यांचीसुद्धा, जवळजवळ पूर्ण सफाई एका वेळेत होते. या निकषावर मी गोळीला पूर्ण गुण देईन. उपाशी ठेवावे लागत नाही, सुरक्षिततेची मर्यादा मोठी आहे, क्वचित एखादी उलटी किंवा पातळ शौच होते आणि ते आपोआप थांबते. गाभण कुत्रीला मात्र फेबँटेलमुळे ही गोळी पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नये, आणि पायपेराझीन असलेल्या जंताच्या औषधाबरोबर एकत्र देऊ नये.

त्रुटी सुरू होतात त्या वापरात. कुत्र्याचे वजन अंदाजाने धरले जाते आणि अंदाज बहुधा कमी असतो. मेंढरांमागे चालणारा आमच्याकडचा कुत्रा अंगाने सडपातळ दिसतो, पण काट्यावर २० किलोच्या पुढे जातो, आणि त्याला एक गोळी दिली तर ती अर्धीच मात्रा ठरते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि नंतर आपले वजन वजा करावे, ही सोपी रीत आहे. गोळी चवीला फारशी वाईट नसावी, कारण भाकरीच्या तूप लावलेल्या गोळ्यात किंवा शिजवलेल्या मांसाच्या तुकड्यात बहुतेक कुत्री ती खातात. तरीही काही कुत्री भाकरी गिळून गोळी तेवढी बाजूला टाकतात, म्हणून घशाखाली उतरेपर्यंत समोर उभे राहणे आवश्यक आहे. कळपातल्या अनेक कुत्र्यांना एकाच पातेल्यात चुरून गोळ्या देणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण त्यात दांडगा कुत्रा सगळे खातो आणि कोणाला काय मिळाले ते कळत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अंतराचा आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या पाकिटांवर मोठ्या कुत्र्यांसाठी दर तीन महिन्यांनी गोळी द्यावी असे लिहिलेले असते. जागतिक आरोग्य संघटनाही नियंत्रण कार्यक्रमांसाठी वर्षातून किमान ४ वेळा प्राझिक्वांटेल देण्याचे सांगते. या सूचनेतील "किमान" हा शब्द विसरता कामा नये. प्राझिक्वांटेल शरीरातून लवकर निघून जाते, त्याचा पुढे कोणताही संरक्षक परिणाम उरत नाही. गोळी दिल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्र्याने गाठीचे काळीज खाल्ले तर त्याला नव्याने संसर्ग होतो. अशा नव्या संसर्गातील कृमी मोठे होऊन अंडी टाकू लागण्यास साधारण ६ ते ७ आठवडे लागतात. म्हणजे तीन महिन्यांच्या अंतराने गोळी दिली तर कच्चे अवयव खाणारा कुत्रा मधल्या काळात कित्येक आठवडे अंगणात अंडी पसरवत राहू शकतो, आणि सहा आठवड्यांनी दिली तर कृमींना अंडी टाकण्याचे वय गाठूच दिले जात नाही. दिवाणखान्यात राहणाऱ्या, बाजारचे कोरडे खाद्य खाणाऱ्या शहरी कुत्र्याला तीन महिन्यांचे अंतर चालू शकेल. मेंढरांच्या वाड्यावरील, खाटकाच्या दुकानाभोवती फिरणाऱ्या, जत्रेच्या काळात गावभर हिंडणाऱ्या कुत्र्याला सहा आठवडे हेच अंतर योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आमच्या पशुवैद्यकांनीही त्याला दुजोरा दिला.

दुसरी बाब पाकिटावर मला कोठेच ठळकपणे छापलेली आढळली नाही. प्राझिक्वांटेल कृमी मारते, कृमीची अंडी मारत नाही. गोळी दिल्यावर मेलेले कृमी त्यांच्या पोटातील जिवंत अंड्यांसह विष्ठेतून बाहेर येतात, त्यामुळे औषध दिल्यानंतरचे दोन दिवस हे कुत्र्याच्या विष्ठेच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात. म्हणून गोळी दिल्यावर ४८ तास कुत्र्याला एका जागी बांधून ठेवणे, त्या काळातील सगळी विष्ठा हातमोजे घालून किंवा फावड्याने गोळा करून खोल पुरणे किंवा जाळणे आणि त्या जागेवर उकळते पाणी ओतणे आवश्यक आहे. फिनाइलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांवर विसंबू नये, कारण ही अंडी त्यांना दाद देत नाहीत. उष्णता आणि कोरडेपणा यांनी मात्र ती मरतात. माणदेशातील चैत्र-वैशाखाचे ऊन या बाबतीत आपल्या बाजूने असते, पण पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ओलसर सावलीत तीच अंडी कित्येक महिने टिकतात. गोळी देऊन कुत्र्याला लगेच मोकळे सोडणारा मालक पैसे खर्च करून अंडी साऱ्या शिवारात पसरवत असतो, आणि औषध विकणाऱ्यांनी ही सूचना पाकिटावर मोठ्या अक्षरांत, मराठीत छापली पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

गोळीची खरी मर्यादा जाणून घ्यायची असेल तर आइसलँडकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात त्या देशात हा आजार अतिशय पसरलेला होता. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी १८६३ मध्ये तेथे जाऊन कुत्र्यांचे शवविच्छेदन केले, तेव्हा १०० पैकी २८ कुत्र्यांमध्ये हा कृमी आढळला. त्यानंतर त्यांनी सोप्या भाषेत लिहिलेली पुस्तिका घरोघरी वाटली गेली, १८६९ मध्ये कुत्र्यांची संख्या मर्यादित करणारे आणि गाठी असलेले अवयव नष्ट करण्याची सक्ती करणारे नियम आले, आणि त्या बेटावरून हा आजार हळूहळू नाहीसा झाला. प्राझिक्वांटेल तेव्हा अस्तित्वातच नव्हते. लोकांनी अवयव पुरले, कुत्री कमी केली, शिवाय मेंढ्या म्हाताऱ्या होईपर्यंत न ठेवता कोवळ्या वयात कापण्याची पद्धत वाढली, त्यामुळे गाठींना वाढायला वेळच मिळेना. न्यूझीलंडमध्ये १९५९ मध्ये हायडॅटिड नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदा झाला. तेथे सुरुवातीला कुत्र्यांना अरेकोलिन देऊन पोट साफ करवत, आणि हे अरेकोलिन म्हणजे आपल्या कोकणातल्या सुपारीत असणारे द्रव्य. त्याने कृमी मरत नसत, केवळ बाहेर फेकले जात, आणि त्यावरून लोकांना आपल्या कुत्र्यात काय आहे ते डोळ्यांनी दाखवता येत असे. पुढे सहा आठवड्यांच्या अंतराने प्राझिक्वांटेल देण्याची पद्धत आली, आणि २००२ मध्ये तो देश या रोगातून तात्पुरत्या स्वरूपात मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. या दोन्ही उदाहरणांवरून मला असे दिसते की कच्चे अवयव कुत्र्यापासून दूर ठेवले तर गोळीशिवायही रोग हटतो, आणि अवयव मिळत राहिले तर गोळीचे काम कधीच संपत नाही.

आपल्याकडे हे अवयव कुत्र्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग ठरलेले आहेत. जत्रेत किंवा कंदुरीला शेतात बोकड कापला जातो आणि ज्या काळजावर फुगे दिसतात ते "खराब आहे" म्हणून तेथेच बाजूला फेकले जाते. माणसाने खायचे नाही एवढे सर्वांना कळते, पण तेच काळीज कुत्र्याला टाकल्याने ते माणसाकडे परत येते, हे सांगणारे कोणी नसते. वाटेत मेंढरू मेले तर त्याला झुडपाआड टाकून कळप पुढे जातो. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरणाऱ्या कुटुंबांना खड्डा खणायला वेळ आणि कधी जागाही नसते, ही त्यांची अडचण खरी आहे. अशा वेळी फुगे असलेले अवयव जाळणे किंवा कुत्र्याला द्यायचेच असतील तर अर्धा-पाऊण तास खळखळून उकळून देणे हा व्यवहार्य मार्ग आहे. उकळल्यावर गाठीतील कृमींची डोकी मरतात. आमच्या वस्तीवर आता काळीज-फुप्फुस उकळल्याशिवाय कुत्र्यासमोर जात नाही, आणि ही सवय लागायला गोळीच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला.

पर्याय म्हणून लोक जी औषधे वापरतात त्यांविषयीही सांगितले पाहिजे. मेंढरांना गोचीड आणि जंतांसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन उरलेल्या औषधातून कुत्र्यांना टोचण्याची पद्धत वाड्यांवर आहे. आयव्हरमेक्टिन कोणत्याही पट्टकृमीवर काम करत नाही आणि काही जातींच्या कुत्र्यांना ते घातकही ठरते. केवळ पायरँटेल किंवा केवळ फेनबेंडाझोल असलेली स्वस्त औषधे या विशिष्ट कृमीसाठी निरुपयोगी आहेत. पिल्लांसाठी मिळणाऱ्या काही गोड द्रावणांत प्राझिक्वांटेल नसते, म्हणून बाटलीवरील नावापेक्षा घटकांची यादी वाचावी. केवळ प्राझिक्वांटेल असलेली गोळी मिळाली तर आपल्या कामासाठी तीही तितकीच चांगली आहे. तिहेरी गोळीचा फायदा एवढाच की आकडेजंतासारखे इतर जंतही एकाच वेळी जातात, आणि लहान मुले अंगणात अनवाणी खेळत असतील तर तोही फायदा लहान नाही.

घरातील माणसांनी जंताची गोळी घेतली की काम झाले, असा समजही बराच रूढ आहे. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी मातीतून पसरणाऱ्या आतड्यातील जंतांसाठी असते आणि त्यासाठी ती अवश्य घ्यावी, परंतु त्या एका गोळीने यकृतातील गाठ टळत नाही किंवा बरी होत नाही. गाठ झालेल्या माणसाला हेच अल्बेंडाझोल दर किलो वजनाला दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने, दोन भागांत, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर, कित्येक महिने घ्यावे लागते आणि त्या काळात यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. गाठ कोणत्या टप्प्यात आहे हे सोनोग्राफीवरून ठरते: लहान सक्रिय गाठ केवळ औषधाने बरी होऊ शकते, काही गाठींत सुई घालून पाणी काढून, कृमिनाशक द्रव भरून, पुन्हा शोषून घेण्याची पद्धत वापरतात, मोठ्या, फुटण्याच्या बेतात असलेल्या किंवा आत अनेक पोटगाठी झालेल्या गाठींना शस्त्रक्रिया लागते, आणि घट्ट होऊन चुना धरलेल्या निष्क्रिय गाठींवर केवळ लक्ष ठेवले तरी चालते. गाठ पोटात फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उठू शकते आणि सांडलेल्या पाण्यापासून नव्या गाठीही होऊ शकतात, म्हणून पोटातल्या कोणत्याही पाण्याच्या गाठीत तपासणीशिवाय सुई घालू देऊ नये.

आप्पांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. डॉक्टरांनी आजूबाजूचा भाग तीव्र मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या कापडाने झाकून गाठ काढली, आणि पुढे कित्येक महिने त्यांचे औषध चालू राहिले. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधे आणि तपासण्यांच्या तारखा व्यवस्थित लिहिलेल्या होत्या, परंतु घरी कुत्री आहेत का, त्यांना काय द्यावे, बाकीच्या माणसांची सोनोग्राफी करावी का, याविषयी एक ओळही नव्हती. हा दोष मी त्या एका रुग्णालयाचा मानत नाही. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर यांनी एकमेकांना निरोप पाठवावा अशी सोयच आपल्याकडे फारशी नाही. आम्ही स्वतःहून घरातल्या सर्वांची पोटाची सोनोग्राफी करून घेतली. ज्या घरात एक रुग्ण सापडतो तेथे सगळ्यांचा संसर्गस्रोत एकच असण्याची शक्यता असते, म्हणून इतर कुटुंबांनाही मी हेच सांगतो.

किमतीचा विचार केला तर एका कुत्र्याला सहा आठवड्यांनी लागणाऱ्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च पोटाच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे. पण चार-पाच कुत्री सांभाळणाऱ्या मेंढपाळाला हा खर्च हातातून द्यावा लागतो, आणि संभाव्य शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या नजरेसमोर नसतो, ही वस्तुस्थिती नाकारून चालणार नाही. माझ्या मते प्राझिक्वांटेल मेंढपाळांच्या कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यांतून मोफत आणि वेळापत्रकाने मिळायला हवे, कारण त्याचा लाभ कुत्र्याला नसून माणसाच्या आरोग्याला आहे. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करून त्यांना परत सोडण्याचे निर्देश दिले, त्यात जंतनिर्मूलनाचा उल्लेख आहे ही चांगली गोष्ट आहे. पण एकदा दिलेल्या गोळीचा परिणाम पुढच्या कच्च्या काळजापर्यंतच टिकतो, म्हणून मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत कत्तलखान्याची आणि मटणाच्या दुकानांची कचऱ्याची व्यवस्था हेच खरे औषध आहे. मेंढ्यांसाठी ईजी९५ ही लसही आहे. न्यूझीलंडचे डेव्हिड हीथ आणि ऑस्ट्रेलियाचे मार्शल लाइटॉवलर्स यांच्या संशोधनातून ती तयार झाली, चीन आणि अर्जेंटिनामध्ये ती वापरली जाते, आणि कोकरांचे लसीकरण, कुत्र्यांना प्राझिक्वांटेल व म्हाताऱ्या मेंढ्या कळपातून काढणे हे तिन्ही एकत्र केले तर दहा वर्षांच्या आत रोग हटवता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

तेव्हा ही गोळी घ्यावी का, तर निःशंकपणे घ्यावी, आणि विकत घेताना त्याच दिवशी पुढच्या दर सहा आठवड्यांच्या तारखा कालनिर्णयावर प्रत्येक कुत्र्याच्या नावापुढे लिहून ठेवाव्यात. पट्टी घेताना वापराची मुदत आणि प्राझिक्वांटेलचे प्रमाण पाहावे, मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळ्या ताकदीची गोळीही मिळते, त्यामुळे "दहा किलोला एक" हा हिशेब प्रत्येक पाकिटाला लागू होईलच असे नाही. कळप बाहेर जाणार असेल तर परतीपर्यंतच्या सगळ्या गोळ्या आधीच विकत घेऊन बरोबर ठेवाव्यात, कारण वाटेतल्या गावात हे मिश्रण मिळेलच याची खात्री नसते. वजनाप्रमाणे अर्धी गोळी उरली तर ती उघडी ठेवून पुढच्या वेळी वापरू नये.